पाच मैलांची कुटी

सदर : उंबरठ्याच्या आत-बाहेर

गेल्या महिन्यात उधना भागातील एका वाचक भगिनीचे पत्र आले. अक्षर नीटस, मजकूर थोडका. दिवाळीनंतर चार दिवस कोठेतरी जायचे आहे. घरात दोन मुले, सासरे आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई आहेत. जाहिराती पुष्कळ येतात आणि प्रत्येकीत 'पर्यावरणस्नेही कॉटेज', 'निसर्गाच्या कुशीत', 'ईको' असे शब्द असतात. मुलीने शाळेत पर्यावरणाचा धडा वाचला आहे. ती म्हणते, आपण अशाच ठिकाणी जाऊ. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, "पण ताई, खरी कोणती आणि नुसती रंगवलेली कोणती, हे घरबसल्या कसे ओळखावे?"

प्रश्न साधा वाटला तरी तो आज आपल्यापैकी अनेक घरांचा आहे. सुरतेत दिवाळीचे दिवस म्हणजे शहर ओस पडण्याचे दिवस. हिरेबाजार बंद, कापडबाजार बंद, माग थंडावलेले. वर्षभर घाण्याला जुंपलेला हा गाव त्या आठ-पंधरा दिवसांत मोकळा श्वास घेतो आणि जो तो बाहेर पडतो. कोणी गावी जातो, कोणी देवाला, आणि कोणी सापुताऱ्याच्या किंवा डांगच्या डोंगरांत. पूर्वी आपली मंडळी प्रवासात नातलगाकडे किंवा धर्मशाळेत उतरत. आता कॉटेज हवे असते, आणि तेही निसर्गाला न दुखवणारे. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु चांगल्या इच्छेवरच बाजार अधिक तेजीत चालतो, हे आपण व्यापाऱ्यांच्या गावात राहून जाणतोच.

उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही डोंगरातल्या एका अशाच कॉटेजमध्ये उतरलो होतो. नाव सांगत नाही, त्याने काही साधणारही नाही. दारात बांबूची कमान, भिंतींना बांबूच्या चटया, छपरावर गवत, खोलीत मातीचा माठ. आम्ही सारे हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीच्या सवयीने फिरायला निघाले. उतारावरच्या वळणावर दहा-बारा बायका हंडे-कळशा ओळीने मांडून बसलेल्या होत्या. एवढ्यात घाटातून पाण्याचा टँकर आला. बायका उठून उभ्या राहिल्या. टँकर त्यांच्यासमोरून पुढे गेला आणि आमच्या बांबूच्या कमानीतून आत वळला. बायका पुन्हा खाली बसल्या. कोणी रागावले नाही, कोणी काही बोललेही नाही. जणू हे रोजचेच होते.

माझी नऊ वर्षांची पुतणी माझ्याबरोबर होती. तिने विचारले, "काकू, ते पाणी त्यांचं होतं का?"

मी म्हटले, "नाही गं, ते विकत घेतलेलं पाणी असतं." उत्तर खोटे नव्हते. पण परत येऊन न्हाणीघरात शॉवरखाली उभी राहिले तेव्हा ते मला खरेही वाटेना. संध्याकाळी भिंतीवरची चटई एका कोपऱ्यात सुटलेली दिसली. आत सिमेंटचे ठोकळे होते. गवताखाली पत्रा होता. मागच्या बाजूला डिझेलचे जनित्र धडधडत होते आणि न्हाणीचे साबणाचे पाणी उघड्या चरातून ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरत होते. आम्ही जे पैसे भरले होते ते त्या चटईचे होते.

अशा प्रकाराला इंग्रजीत नाव पडले त्यालाही आता चाळीस वर्षे होत आली. जे वेस्टरवेल्ड नावाच्या एका अमेरिकन निसर्गप्रेमी गृहस्थाला पॅसिफिक महासागरातील एका बेटावरच्या हॉटेलात एक चिठ्ठी दिसली होती. टॉवेल पुन्हा वापरा आणि निसर्ग वाचवा, असा विनवणीचा मजकूर तिच्यात होता. तेच हॉटेल शेजारी नव्या बंगल्या वाढवीत होते. १९८६ साली त्यांनी या ढोंगावर लेख लिहिला आणि 'ग्रीनवॉशिंग' हा शब्द रूढ झाला. आपण त्याला हिरवा मुलामा म्हणू. पितळेवर सोन्याचा मुलामा चढवणाऱ्याला आपल्याकडे पूर्वीपासून ओळखतात. हा त्याचाच धाकटा भाऊ.

आता मुलामा घासून पाहण्याची कसोटी. ती शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. ती तापीच्या काठीच सापडते, आणि तीही दोन टोकांना.

१९३६ च्या डिसेंबरात खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते. गांधीजींचा आग्रह असा, की मंडप, निवास, कमानी सारे खेड्यातल्या साहित्यातून आणि खेड्यातल्या हातांनी उभे राहावे. शांतिनिकेतनाहून नंदलाल बसूंना त्यासाठी बोलावून घेतले, आणि त्यांनी बांबूंतून ते सौंदर्य उभे केले. आमच्या सासूबाई मूळच्या खानदेशच्या. त्यांचे वडील ते अधिवेशन पाहायला बैलगाडीने गेले होते आणि पुढे कितीतरी वर्षे मुलांना त्या बांबूच्या नगराचे वर्णन ऐकवीत असत. पुढचे दुसरे अधिवेशन १९३८ च्या फेब्रुवारीत आपल्या सुरत जिल्ह्यात, त्याच तापीच्या काठी हरिपुऱ्याला भरले. अध्यक्ष सुभाषबाबू, एक्कावन्नावे अधिवेशन म्हणून त्यांचा रथ एक्कावन्न बैलांनी ओढला. त्या वसाहतीला विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ विठ्ठलनगर नाव दिले होते. तेथेही नंदलाल बसूंनी खेड्यातल्या माणसांची, त्यांच्या कामधंद्यांची चित्रे काढली. ती आज कलेच्या इतिहासात हरिपुऱ्याची चित्रे म्हणून प्रसिद्ध आहेत. लाखो माणसे आली, राहिली, गेली, आणि नगर पुन्हा बांबू, चटया, दोर होऊन गेले.

या दोन अधिवेशनांच्या मधे, १९३७ च्या जानेवारीत, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श खेड्याविषयी लिहिले. त्यात घरांबद्दल त्यांची एक अट होती : पुरेसा उजेड आणि हवा असलेल्या झोपड्या असाव्यात आणि त्यांचे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळणारे असावे. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. केरळात स्थायिक झालेले इंग्रज वास्तुशिल्पी लॉरी बेकर या एका वाक्याला आयुष्यभर आपला गुरुमंत्र मानीत असत.

ही पाच मैलांची फूटपट्टी हाती घ्यावी आणि कॉटेजची परीक्षा करावी, असे मला वाटते. मात्र ती केवळ भिंतींना लावून थांबू नये. पाणी किती मैलांवरून येते? सांडपाणी किती मैल वाहत जाते? वाढणारे हात किती मैलांवरचे आहेत? आणि आपण स्वतः किती मैल तुडवून तेथे जाणार आहोत? एवढ्या प्रश्नांत सारे येते. क्रमाने पाहू.

भिंती आणि छप्पर. डांगमध्ये बांबू विपुल. जुनी आदिवासी घरे कुडाची असतात : बांबूच्या किंवा कारवीच्या काठ्या विणायच्या, दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, वर कौले. उन्हाळ्यात आत गारवा, आणि घर मोडले तर मातीत माती मिसळते. पण बांबू दिसला म्हणजे काम झाले असे समजू नये. बांबू तीन-चार वर्षांचा पक्व, पावसाळ्यानंतर तोडलेला आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवलेला असला तर टिकतो. नाहीतर त्याला भुंगा लागून पिठासारखा भुसा गळू लागतो. तेव्हा विचारावे, की बांबू कुठला, कोणी बांधला, दर किती वर्षांनी बदलता? ज्याने खरोखर बांबूत बांधले आहे त्याला हे सांगताना उत्साह येतो. ज्याने चटई ठोकली आहे तो विषय बदलतो. तसेच जे जुने घर आधीच उभे आहे ते थोडे दुरुस्त करून पाहुण्यांना दिले असेल, तर ते नव्या बांधलेल्या कोणत्याही कुटीहून सरस समजावे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास या गावी लोक कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येतात. 'सह्याद्री निसर्ग मित्र' या चिपळूणच्या संस्थेने तेथे २००२ साली कासवसंवर्धनाचे काम सुरू केले. पाहुणे येऊ लागले तेव्हा हॉटेल उभे राहिले नाही. गावकऱ्यांनी आपल्याच घरात त्यांना जागा दिली. पाहुणा पडवीत निजतो, घरातले जेवतो, आणि कासव जगले तर घराला चार पैसे मिळतात. याहून चांगली योजना सुचणे कठीण.

पाणी. हा सर्वांत मोठा भाग, म्हणून येथे थोडे थांबते. डांगमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. आपल्या सुरतेला हेवा वाटावा इतका. आणि तरीही चैत्र-वैशाखात त्याच डांगातल्या बाया पाण्यासाठी डोंगर उतरतात. कारण खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरायला जागा थोडी, उतार मोठा. आभाळातून आलेले पाणी पूर्णा, अंबिका, खापरी यांच्या पात्रांतून चार-दोन दिवसांत समुद्राकडे धावत सुटते. तेव्हा तेथे बोअर मारली म्हणजे नवे पाणी निर्माण झाले असे नव्हे. शेजारच्या विहिरीतले थोडे आपल्याकडे ओढले, एवढाच त्याचा अर्थ.

आता आकडे पाहा. सरकारच्या जलजीवन मिशनने २०१९ पासून खेड्यातल्या माणसामागे रोजचे ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवले आहे. हॉटेल बांधताना मात्र आपल्या देशातील बांधकामाच्या मानकांप्रमाणे एका खाटेमागे १८० लिटर धरतात आणि पंचतारांकित असेल तर ३२०. म्हणजे आपण एका रात्रीपुरते 'निसर्गाच्या कुशीत' निजायला जातो तेव्हा त्या निसर्गात जन्मभर राहणाऱ्या तीन माणसांचे पाणी एकट्याने वापरण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. यावर मार्ग अवघड नाही. पावसाचे पाणी साठवणारे टाके आहे का, हे विचारावे. पोहण्याचा हौद असेल तर ती कुटी आपल्या यादीतून वगळावी. न्हाणीत बादली आणि तांब्या आहे का ते पाहावे. बादलीभर पाण्यात स्नान होते, शॉवरखाली मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जाते.

आणि एक गोष्ट, जी जाहिरात कधीही सांगणार नाही : एकच कुटी कार्तिकात पर्यावरणस्नेही असते आणि मे महिन्यात नसते. दिवाळीनंतर ओढे वाहते असतात, विहिरी भरलेल्या असतात. वैशाखात तीच जागा टँकरवर जगते. माझी चूक जशी कॉटेजच्या निवडीची होती, तशी ती महिन्याच्या निवडीचीही होती. पत्रलेखिका भगिनी दिवाळीनंतर निघत आहेत, म्हणजे अर्धी निवड त्यांनी नकळत बरोबर केली आहे.

सांडपाणी आणि कचरा. या विषयावर बोलायला आपण संकोचतो, पण संकोचाने ओढा स्वच्छ राहत नाही. शौचालयाला सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा आहे का, तो विहिरीपासून निदान पंधरा-वीस मीटर दूर आहे का, न्हाणीचे पाणी केळी-अळूच्या वाफ्यात सोडले आहे का, एवढे विचारावे. ज्यांना ही चौकशी हलकी वाटते त्यांनी कोकणात गोपुरी आश्रमातून स्वच्छ संडासांचा प्रसार करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण करावी. किंवा देहू गावात वैद्यकी करता करता शौचालयाला गोबरगॅसची जोड देण्यात आयुष्य वेचणाऱ्या डॉ. मापुसकरांची; त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपल्या विचारी माणसांनी या कामात कधी कमीपणा मानला नाही.

आणि कचऱ्याची गोष्ट सुरतकरांना कोणी सांगावी? १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने हा गाव रातोरात रिकामा झाला होता. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना अंगावर काटा आजही येतो. त्यानंतर हेच शहर झाडून-पुसून देशातल्या स्वच्छ शहरांत जाऊन बसले. ज्या गावाने हा धडा इतक्या मोठ्या किमतीला घेतला, त्या गावच्या माणसांनी डांगच्या धबधब्यापाशी वेफरची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या टाकाव्यात, हे शोभत नाही. तेथे कचऱ्याची गाडी येत नाही. जे टाकाल ते जाळले जाईल किंवा पुराबरोबर नदीत जाईल. म्हणून आपला कचरा पिशवीत घालून परत सुरतेला आणावा. घरून स्टीलच्या बाटल्या न्याव्यात. पूर्वी फिरकीचा तांब्या प्रवासात असेच, त्याचेच हे नवे रूप.

वीज. वातानुकूलन यंत्र रात्रभर चालले तर आठ-दहा युनिटे सहज खाते. पंखा त्याच रात्री अर्ध्या-पाऊण युनिटात भागवतो. कार्तिकातल्या डोंगरावर रात्री गोधडी लागते. तेथे यंत्राची गरजच काय? छपरावर पाणी तापवण्याचे सौर यंत्र असेल तर उत्तम. डिझेलचे जनित्र रोज किती तास चालते, हा प्रश्न मात्र जरूर विचारावा.

जाण्याचा मार्ग. येथे आपले सर्वांचे डोळे थोडे झाकलेले असतात. सुरतेहून सापुतारा सुमारे १६०-१७० किलोमीटर. मोटारीने जाऊन येताना वीस-बावीस लिटर पेट्रोल जळते, आणि एका लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन वायू हवेत जातो; म्हणजे एकूण पन्नास किलोच्या आसपास. खोलीतल्या यंत्राच्या कितीतरी रात्री यात येऊन जातात. हजार मैलांवरची उत्कृष्ट पर्यावरणस्नेही कुटी गाठायला विमानाने जाणे म्हणजे उपवासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीने पोट तडस लागेपर्यंत भरण्यासारखे आहे. म्हणून जवळची साधी जागा ही दूरच्या आदर्श जागेहून चांगली. मोटार न्यायचीच तर भरून न्यावी. आणि वेळ असेल तर मुलांना बिलिमोऱ्याहून वघईला जाणाऱ्या छोट्या गाडीत बसवावे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ६३ किलोमीटर जाणारी ही गाडी सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१३ च्या सुमारास बडोदे संस्थानाने सुरू केली. २०२० साली ती थांबली होती, २०२१ साली पुन्हा सुरू झाली. निघण्यापूर्वी वेळापत्रक मात्र पाहून घ्यावे. उनाईचे गरम पाण्याचे झरे याच वाटेवर आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांना तेही सुखाचे.

वाढणारे हात. ही शेवटची आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक कसोटी. तिची हकिगत सांगते.

त्या मे महिन्याच्या टोचणीने गेल्या वर्षी कार्तिकात आम्ही पुन्हा डांगकडे गेलो. या वेळी गावकऱ्यांनीच चालवलेल्या एका छोट्या मुक्कामी उतरलो. खोल्या चारच. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेला ओटा, बाहेर दगडी चूल. खरे सांगायचे तर सोयी बेताच्याच होत्या. संडास खोलीपासून दूर, रात्री वीज दोनदा गेली, आणि खाट इतकी ताठ की सासरे सकाळी म्हणाले, "निसर्ग पाठीला लागला." पण जेवण! नागलीची भाकरी, उडदाची डाळ, वास्त्याचे म्हणजे बांबूच्या कोंबाचे लोणचे, आणि त्या डाळीवर मिरचीची चटणी.

भाकऱ्या थापणारी बाई चाळिशीची असेल. आमच्या सासूबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. वय पंचाऐंशी, सारा जन्म सुरतेत गेलेला, पण माहेरची अहिराणी जिभेवरून गेलेली नाही. त्या आपल्या बोलीत बोलत होत्या, ती बाई आपल्या डांगीत, आणि दोघींना मधे दुभाष्या लागत नव्हता. आम्ही शिकलेली मंडळी गुजरातीतून आणि हिंदीतून प्रश्न विचारीत होतो. सासूबाईंनी अर्ध्या तासात तिच्या घरची सारी माहिती काढली. मुंबई राज्याची वाटणी होताना डांग महाराष्ट्राचा की गुजरातेचा यावर किती वाद रंगले होते! १९६० साली तो गुजरातेत आला. चुलीपाशी बसलेल्या त्या दोघींना त्या वादाचा पत्ताही नव्हता. आपण परमुलुखात राहतो असे आपण म्हणतो. पण सुरतेहून तीन तासांवर आपली बोली समजणारी चूल पेटलेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

रात्री सासूबाईंनी सांगितले ते असे. दरवर्षी दिवाळी झाली की ती बाई नवऱ्याबरोबर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जात असे. उन्हाळ्यापर्यंत मुक्काम उसाच्या फडाशेजारच्या पालात. मुले बरोबर, म्हणून शाळा सुटलेली. दोन वर्षे ती गेलेली नाही. पाहुण्यांचा स्वयंपाक तिच्याकडे आला, आणि नवरा वाट दाखवायचे काम करतो. थोरली मुलगी आता आश्रमशाळेत आठवीला आहे.

मग त्या बाईने सासूबाईंना विचारले होते, "आजी, पुढल्या साली येणार ना तुम्ही?" पाहुण्यांना सगळेच विचारतात तसा हा प्रश्न नव्हता. पाहुणे आले नाहीत तर कोयता पुन्हा उचलावा लागेल, हे त्यामागे होते. सासूबाईंनी ते ओळखले, मी ओळखले नसते.

म्हणून मी म्हणते, भिंत बांबूची आहे की नाही हे पाहावेच, पण भाकरी कोण थापते आणि पैसे कोणाच्या पदरात पडतात, हे आधी विचारावे. ज्या माणसांचे पोट जंगलावर आहे तीच जंगल राखतात. या भागात हे काम आजचे नव्हे. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाड्याला जन्मलेले मणिभाई देसाई गांधीजींच्या सांगण्यावरून पुण्याजवळ उरुळीकांचनला जाऊन राहिले. १९६७ साली त्यांनी 'बाएफ' ही संस्था स्थापन केली, आणि १९८२ पासून त्याच संस्थेने वांसद्याच्या आदिवासी शेतकऱ्यांना आंबा-काजूच्या वाड्या उभ्या करून दिल्या, की त्यांना घर सोडून मजुरीला जावे लागू नये. सुरतेचा माणूस महाराष्ट्राला मिळाला आणि त्याचे काम फिरून सुरतेच्या उंबरठ्याशी आले. त्याच टापूत आदिवासी बायकांच्या बचतगटांनी 'नाहरी' नावाची भोजनगृहे चालवली आहेत. नाहरी म्हणजे आपली न्याहारीच.

आता पत्रलेखिका भगिनींसाठी जागांविषयी दोन शब्द. वनखात्याची निसर्गशिबिरे आपल्या आसपास आहेत. पूर्णेच्या काठी महाल, वघईजवळ अंबिकेच्या काठी किलाड, उनाईच्या बाजूला पदमडुंगरी, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मांडवी तालुक्यात केवडी. बहुतेक सुरतेहून दोन-तीन तासांच्या अंतरावर. आगाऊ नोंदणी करावी लागते, दिवाळीत तर फार आधी. वघईला वनस्पतींचे उद्यान आहे. मुलीच्या धड्याला ते उपयोगी पडेल. घरात वृद्ध मंडळी आहेत, तेव्हा पायऱ्या किती, संडास खोलीला लागून आहे की दूर, हे दूरध्वनीवर न लाजता विचारावे. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी थोडी अधिक सोयीची खोली घेतली तर पर्यावरणाचे काही बिघडत नाही. वृद्धांना घरी ठेवून निसर्ग राखणे हा काही धर्म नव्हे.

मात्र एक सावधगिरी. वरील सर्व कसोट्यांना उतरणारी कुटी मला स्वतःला अद्याप सापडलेली नाही. कोठे भिंत मातीची पण पाणी टँकरचे, कोठे पाणी विहिरीचे पण छप्पर पत्र्याचे. सहांपैकी चार कसोट्या उतरल्या तरी समाधान मानावे, आणि उरलेल्या दोन आपल्या वागण्याने भराव्यात. शॉवर असला तरी बादली मागावी. यंत्र असले तरी खिडकी उघडावी. रोज चादरी-टॉवेल बदलू नका म्हणून आपण होऊन सांगावे. ध्वनिवर्धक तर घरीच ठेवावा, कारण जंगलातल्या रात्रीला तिचा स्वतःचा आवाज असतो आणि तो ऐकायलाच आपण गेलेले असतो. निघताना चालकाला, स्वयंपाकिणीला काय आवडले हे जसे सांगतो, तसे काय खटकले तेही सांगावे. पाहुणे विचारू लागले तरच बांबूच्या चटईमागची भिंत हळूहळू खरी होईल.

पुतणी यंदा बारा वर्षांची झाली. मागच्या आठवड्यात तिने आपण होऊन विचारले, "काकू, दिवाळीत त्या भाकरीवाल्या मावशींकडे जायचं ना?" मी नोंदणी करून टाकली आहे. सासूबाईंनी त्या बाईच्या मुलीसाठी एक वहीचा जुडगा आणि गरम शाल काढून ठेवली आहे. सासऱ्यांनी मात्र या वेळी आपली गादी बरोबर घेण्याची अट घातली, ती मंजूर केली.

वाचकांपैकी कोणी अशा ठिकाणी राहून आले असतील, वापीपासून व्याऱ्यापर्यंत किंवा त्याही पलीकडे, तर त्यांनी अवश्य कळवावे. जागा सुंदर होती एवढेच लिहू नये. पाणी कोठून येत होते, आणि भाकरी कोणी थापली होती, तेही लिहावे.